पिल्या बारा वर्षांचा झालाय, उठताना कण्हतो. खायला काय घालू?

मलप्रभाकाठ (खानापूर), ८ जुलै

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, पार जंगलाकडचं. आषाढ लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पिल्या घरी आला तेव्हा ओंजळीत मावायचा म्हणून पिल्या नाव पडलं. बारा वर्षांत ते कुणी बदललं नाही. आई लॅब्रेडॉर, बाप गल्लीतला. अंगानं काळा, तोंड आता पांढरं झालंय.

गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठताना त्याचे मागचे पाय लवकर सरळ होत नाहीत. पुढचे दोन टेकतो, मागचं अंग ओढतो, एकदा कण्हतो, आणि दहा पावलं लंगडत गेला की मग बरा चालतो. सोप्यातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. आधी एका उडीत खाली जायचा. आता वरच्या पायरीवर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघतो. परवा न्हाणीजवळच्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकले आणि तसाच बसून राहिला. उचलायला गेलो तर हातावर दात आणले. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग बराच वेळ तोच हात चाटत बसला.

बेळगावला नेऊन एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेत. वजन ३४ किलो. गोळ्या दिल्या आणि वजन उतरवा म्हणाले. खरं किती उतरवायचं, कसं उतरवायचं, हे त्या गर्दीत विचारायचं राहून गेलं.

सध्या सकाळी दूध आणि दीड भाकरी, दुपारी आमच्या ताटातलं उरलंसुरलं, रात्री भात, रविवारी मटणाची हाडं. शेजारच्या आक्का दोन्ही वेळच्या चहाला बिस्किटं घालतात. आई म्हणते म्हातारपणी कुणाच्या पोटाला मारू नये. मला आईचंही पटतं आणि डॉक्टरांचंही. कुणी म्हातारं कुत्रं सांभाळलं असेल तर काय खाऊ घातलं ते सांगा.

वडगावचा_माग, ८ जुलै

दादा, पायात कॅल्शियम कमी पडलंय बघा. मेडिकलमध्ये गुलाबी औषधाची बाटली मिळते, सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे. आमच्या गल्लीत सगळे हेच देतात. आणि पायाचं सूप द्या. पायाला पायाच लागतो!

टिळकवाडीची_सुमा, ८ जुलै

आमच्या ब्रूनोला चौदाव्या वर्षापर्यंत तारली घालत होतो. गोव्याहून मासे आले की स्वस्तात मिळायची. मीठ नाही, तिखट नाही, नुसत्या पाण्यात उकडून काटे काढायचे. घरभर वास सुटायचा आणि सासूबाई देवघराचं दार लावून घ्यायच्या. पण त्याच्या अंगावर तकाकी आली आणि चालणंही सुधारलं. पिल्याला माझ्याकडून गोंजारा.

गोठ्यातला_डॉक्टर (चंदगड), ८ जुलै

वडगावचे मामा, राग मानू नका, पण हा गैरसमज मी रोज दवाखान्यात ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये वंगणासारखा द्रव. वयानं, जन्मतः सैल असलेल्या खुब्यानं, जुन्या दुखापतीनं किंवा जादा वजनानं तो थर झिजतो. मग आतून सूज येते, कडेला नवं हाड वाढतं आणि दुखायला लागतं. हे कॅल्शियम कमी झाल्यानं होत नाही, त्यामुळे कॅल्शियमच्या बाटलीनं बरंही होत नाही. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम घातलं तर वाढत्या हाडांचं उलट नुकसान होतं. तेव्हा ती बाटली मनानं कुणीच सुरू करू नका.

पायाच्या सुपानं भूक वाढते हे खरं. त्यानं सांधा भरून येत नाही. आणि आपल्याकडे मटण शिजवलेल्या पाण्याला 'अळणी' म्हणतो, त्या नावावर जाऊ नका. बहुतेक घरांत अळणी शिजतानाच कांदा, लसूण, मीठ पडलेलं असतं. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग ते शिजवलेले असोत की कच्चे. पिल्यासाठी वेगळी वाटी काढायची तर फोडणीच्याही आधी, नुसतं पाणी आणि मांस असताना काढा, आणि गार झाल्यावर वर आलेला चरबीचा थर टाकून द्या.

मटणाची शिजलेली हाडं आजपासून बंद. शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि काचेसारख्या चिरफळ्या होऊन आतड्यात घुसतात.

आता वजन. आधी हाताची एक खूण करून बघा. मूठ आवळून वरच्या पेरांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं रोड आहे. मग पंजा सरळ पसरून पालथ्या हातावरून बोट फिरवा. थोडं कातडं आणि खाली लगेच हाड, असं लागलं तर अंग बरोबर आहे. शेवटी तळहातावर, अंगठ्याखालच्या गादीवर दाबा. बरगड्या हुडकायला एवढं दाबावं लागत असेल तर जाड. आता जाऊन पिल्याच्या बरगड्या चाचपा आणि कुठला हात ते इथं लिहा.

मलप्रभाकाठ, ८ जुलै

आत्ताच चाचपून आलो. तळहात. सरळ सरळ तळहात.

निपाणीकर_बापू, ९ जुलै

सगळ्यांचं वाचलं. डॉक्टरांचा मान राखून माझं मत वेगळं आहे. बारा वर्षांचं कुत्रं म्हणजे घरातला आजा. त्याला दिवस किती राहिलेत कुणी सांगावं? माझा शेरू शेवटचं वर्षभर अंगणातून उठला नाही. त्याला आवडायचा म्हणून रोज दूधभात कालवून घालत होतो, माझ्या हातातून खायचा. आमच्या तंबाखूच्या वखारीवरची सगळी माणसं काही ना काही घेऊन यायची. त्याचं सुख एवढंच उरलं होतं. ते काढून घेऊन त्याला काय मिळालं असतं? मलप्रभादादा, तुमच्या आईचं बरोबर आहे.

अनगोळची_सून, ९ जुलै

बापू, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पण शेरू वर्षभर उठला नाही म्हणताय, तो म्हातारपणानं की दुखत होतं म्हणून? मी सहज विचारत नाहीये. आमच्या रंभाची गोष्ट सांगते.

रंभा सात वर्षांची होती. एक दिवस पुढचा उजवा पाय उचलून चालायला लागली. दोन दिवसांनी डावा, मग मागचा. एका ठिकाणी दाखवलं तर हात न लावताच 'वय झालं, सांधे धरलेत' म्हणून सुई मारली. तीन दिवस पळाली, चौथ्या दिवशी पुन्हा तेच, वर जेवण बंद. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफट. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोचीड ताप निघाला. त्यातही सांधे सुजतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस चालल्या आणि रंभा उभी राहिली. आज ती अकरा वर्षांची आहे, मांजर दिसलं की अजून गेटवर चढते.

म्हणून दादांना विचारते, पिल्याचं रक्त तपासलंय का? दुखणारा पाय रोज बदलतो की तोच राहतो?

मलप्रभाकाठ, ९ जुलै

ताई, रक्त तपासलं. गोचीड तापाचं काही नाही, मूत्रपिंड आणि यकृतही ठीक आहे, म्हणूनच गोळ्या दिल्या म्हणाले. दुखणं मागच्या दोन्ही पायांतच आहे, डाव्यात जास्त.

गोठ्यातला_डॉक्टर, ९ जुलै

अनगोळच्या ताईंनी लाखमोलाचं लिहिलंय. आपल्या भागात गोचीड भरपूर, त्यामुळे लंगडणारं प्रत्येक म्हातारं कुत्रं सांधेदुखीचंच धरू नये. आधी तपासणी.

बापू, तुमच्या मायेबद्दल मला काडीची शंका नाही. पण एक सांगू द्या. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या एकाच वेतातल्या २४ जोड्या लावून त्यांना जन्मभर बघितलं. जोडीतल्या एकाला नेहमीएवढं खाणं, दुसऱ्याला त्याच्या पाऊणपट. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते, १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२ वर्षं. आणि सांध्यांचं दुखणं कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झालं. दोन-पावणेदोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या जन्मात केवढी मोठी!

आता पिल्या बारावा ओलांडून गेला, मग उशीर झाला का? नाही. जाड आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन शेकडा सहाएक कमी झालं तरी लंगडण्यात फरक पडतो, असं पाहण्यात आलंय. ३४ किलोचे सहा टक्के म्हणजे फक्त दोन किलो. तेवढ्या साखरेच्या दोन पिशव्या त्या झिजलेल्या खुब्यावरून खाली उतरवायच्या आहेत. पोटाला मारायचं नाही, आईंना सांगा. ताटात काय असतं ते बदलायचंय.

कडोलीचा_बटाटा, १० जुलै

मी एक चूक केली, ती लिहितो. दुसऱ्या कुणी करू नये म्हणून.

आमचा राजा असाच कण्हायचा. रात्री अकरा वाजता पाऊस कोसळलालाय, दवाखाने बंद. माझ्या कंबरेसाठी मला दिलेली गोळी होती, तिचा अर्धा तुकडा गुळात घालून राजाला दिला. बरं वाटलं असं दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी, चिकट. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं. पोटात व्रण होऊन आत रक्त चाललं होतं. चार दिवस सलाईन. मी त्याच्या शेजारी पोत्यावर बसून असायचो आणि तो माझ्या मांडीवर तोंड ठेवून पडायचा, ज्यानं विष घातलं त्याच्याच मांडीवर. राजा वाचला. मी ते विसरणार नाही.

गोठ्यातला_डॉक्टर, १० जुलै

हे वाचून निदान एक कुत्रं तरी वाचेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाहीत. पॅरासिटामॉलही मनानं देऊ नका, आणि मांजराला तर त्याचा एक तुकडासुद्धा जीवघेणा. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं आहेत, पण तीही वजन मोजून, रक्त तपासून आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच. स्टेरॉइडची सुई आणि ही औषधं एकत्र कधीच नाहीत, म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात तर आधीची चिठ्ठी दाखवा. काळी शी, उलटी, खाणं सोडणं, यातलं काही दिसलं तर गोळी तिथंच थांबवून फोन करा.

रानजाई (जांबोटी), १० जुलै

डायक्लोफेनॅक म्हणजे गिधाडांचं तेच ना? आमचे अण्णा सांगतात, मेलेलं जनावर माळावर टाकलं की तासाभरात आभाळ भरून यायचं.

गोठ्यातला_डॉक्टर, १० जुलै

तेच. गाई-म्हशींना दुखण्यावर ते औषध दिलं जायचं. असं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं, त्यानं गिधाडांना इजा होत नाही. एकाच गोळीचा परिणाम माणूस, कुत्रं आणि गिधाड यांच्यात किती वेगळा असतो बघा.

राजहंसगड_पायथा (येळ्ळूर), १० जुलै

औषधावरून आठवलं. आमच्या आजीला कानडी बेताचंच येतं. आमच्या टिप्याला घेऊन ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर गोळ्या देताना म्हणाले, 'ऊटा आद मेले कोडरी.' आजीनं त्यातलं एकच ऐकलं, 'मेले'. टिप्याला छातीशी धरून रडत घरी आली! दादानं दवाखान्यात फोन लावला तेव्हा उलगडा झाला, की 'जेवण झाल्यावर द्या' एवढंच सांगितलं होतं. टिप्या समोर शेपूट हलवत उभा. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही गोळी जेवणानंतरच, 'मेले' म्हणूनच देतात.

गोठ्यातला_डॉक्टर, १० जुलै

आजींना नमस्कार. आणि डॉक्टर बरोबरच सांगत होते. या गोळ्या रिकाम्या पोटी देऊ नयेत.

सदलग्याची_लेक, ११ जुलै

माझा प्रश्न जरा अवघड आहे. आमचं घर जैन, अंडंसुद्धा आत येत नाही. बिजली दहा वर्षांची आहे आणि तिलाही हाच त्रास आहे. इथं सगळे चिकन आणि मासे सांगतायत. मी तिला भाकरी, वरण आणि दही घालते. माझ्या धर्मापायी तिचे हाल होतायत का, हा विचार रात्री झोपू देत नाही.

टिळकवाडीची_सुमा, ११ जुलै

अगं, हाल काय करतेस. दहा वर्षं जपलीस की.

गोठ्यातला_डॉक्टर, ११ जुलै

ताई, कुत्र्याला मांसाशिवाय जगवता येतं, मांजराचं तसं नाही. पण नुसत्या भाकरी-वरणावर म्हाताऱ्या कुत्र्याचं भागत नाही. सांधा दुखला की ते कमी हलतं, कमी हललं की मांड्यांचे स्नायू वाळतात, आणि सांध्याला धरून ठेवणारे स्नायूच गेले की दुखणं आणखी वाढतं. म्हणून म्हातारपणी प्रथिनं कमी करायची नसतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तरच डॉक्टर ती बेतानं द्यायला सांगतात. तुमच्याकडे बिनमिठाचं घरचं पनीर, उकडलेला सोयाबीन, ताजं दही चालेल, पण सगळे घटक जुळवणं घरी कठीण जातं. वयस्क कुत्र्यांसाठीचं तयार शाकाहारी खाद्य मिळतं, ते मुख्य ठेवा आणि दही-पनीर वरून.

चिकन घालणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. नुसतं बिनहाडाचं चिकन आणि भात जन्मभर घातला तर खनिजं कमी पडतात. सांध्यांसाठी कॅल्शियम नको म्हणालो, ते खरंच. पण घरच्या जेवणाचा समतोल साधायला खनिजांची पूड लागते, ती डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्या.

वडगावचा_माग, ११ जुलै

डॉक्टर, मी बाटलीचं मागं घेतो. आमच्या गल्लीतही सांगतो. मग हळद तरी चालेल का? आणि त्या सांध्यांच्या महागड्या गोळ्या, ग्लुकोसामाइन की काय?

गोठ्यातला_डॉक्टर, ११ जुलै

मामा, विचारलंत ते बरं केलंत. ग्लुकोसामाइनबद्दलचे पुरावे कच्चे आहेत, कुठं फरक दिसतो, कुठं नाही. खर्च झेपत असेल तर दोन महिने देऊन बघा, त्यासाठी कर्ज काढू नका. हळद अंगात फारच कमी शोषली जाते, चिमूटभरानं अपाय नाही, पण तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला जास्त आधार आहे. सुमाताईंची तारली म्हणजे तेच. फक्त कॉड लिव्हर ऑइल आणि फिश ऑइल यांत गल्लत नको. पहिल्यात जीवनसत्त्व अ आणि ड भरपूर असतं, रोज दिलं तर साचतं.

मुधोळवाला, १२ जुलै

विषय सोडून बोलतोय, माफ करा. आमच्याकडे मुधोळची कारवानी कुत्री आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या राजाला जिची जोडी भेट दिली ती ही जात, आणि २००५ मध्ये टपाल तिकिटावर आली तीही हीच. तेरा वर्षांची आहे आणि अजून सशामागं पळते. या जातीत चरबीच धरत नाही. आपली देशी कुत्री पाळा, सांधे दुखणारच नाहीत.

अनगोळची_सून, १२ जुलै

दादा, रंभा अस्सल गावठीच आहे. आणि पिल्याचा बाप गल्लीतलाच होता की. जातीवर काय घेऊन बसलात?

मुधोळवाला, १२ जुलै

तेही खरं. माझी बारकी आहे, कारण माझ्या घरात तिला बिस्किटं घालणारं कुणी नाही.

रंधा_आणि_करवत (शहापूर), १३ जुलै

मी सुतारकाम करतो. खाण्यातलं मला कळत नाही, पायऱ्यांचं सांगतो.

तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच उंची धरा. चार-पाच फुटांची फळी लावाल तर घसरगुंडी होईल, म्हातारं कुत्रं त्यावर पाय ठेवणार नाही. आठ फुटांची घ्या, दीड फूट रुंद. वर काथ्याची चटई ठोका. गोणपाट पावसात कुजतं आणि शेवाळ धरतं. दर फुटावर आडवी बारीक पट्टी मारा, म्हणजे पंज्याला अडण मिळते. दोन्ही बाजूंना चार बोटं उंच कड ठेवा. खालचं टोक जमिनीत थोडं पुरा, हलायला नको. फळी एकदा जरी डगमगली तरी ते पुन्हा चढत नाही. माझ्या म्हातारीसाठी केली होती मी, काळ्या तोंडाची होती, तिचं नाव काळू.

आत गुळगुळीत फरशीवर त्याच्या ये-जा करायच्या वाटेवर तरी सतरंज्या अंथरा, खाली रबरी जाळी घालून. आणि वाडगं पाटावर ठेवा, मान फार वाकवायला लागू नये.

टिळकवाडीची_सुमा, १३ जुलै

नखंही बघा! वाढलेली असली की कुत्रं पंजा नीट टेकत नाही आणि सगळा भार वेडावाकडा पडतो. बोटांमधले केसही कापायचे, त्यानंच फरशीवर पाय सटकतो. आम्ही ब्रूनोच्या पोटाखालून आईचं जुनं इरकली लुगडं घालून दोन्ही टोकं वर धरायचो आणि त्याला चालवायचो. ते लुगडं अजून ठेवलंय मी.

मलप्रभाकाठ, १३ जुलै

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, काय बोलू. सगळं वहीत उतरवून घेतलंय. डॉक्टरसाहेब, मूळ प्रश्नाकडे येतो. उद्या सकाळी ताटात नेमकं काय वाढू?

गोठ्यातला_डॉक्टर, १३ जुलै

पिल्याचं योग्य वजन साधारण २९ किलो धरू. त्या वजनाला उतरणीच्या काळात दिवसाला साडेआठशे-नऊशे कॅलरी पुरतात. एका जोंधळ्याच्या भाकरीत दोनशेच्या आसपास असतात. आक्का दिवसाला किती बिस्किटं घालतात ते मोजा. आठ असतील तर ती जवळपास एक अख्खी भाकरी झाली, आणि तीही साखर-मैद्याची.

दोन वेळा मिळून पाव किलोला थोडं कमी बिनकातडीचं उकडलेलं चिकन, एक उकडलेलं अंडं, एक वाटी शिजलेला भात किंवा अर्धी भाकरी, आणि पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून दोन मुठी उकडलेला दुधी, लाल भोपळा किंवा बिनीस. मीठ, तेल, फोडणी काही नाही. आठवड्यात दोनदा चिकनऐवजी तारली. दूध बंद करा, बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांना ते पचत नाही आणि शी पातळ होते. बदल आठ दिवसांत हळूहळू करा, आणि तुमच्या डॉक्टरांना हा तक्ता एकदा दाखवा. कुंदा, करदंट, लाडू यांतलं काहीच नको. बेदाणे-मनुका तर मूत्रपिंडाला विष आहेत, सणासुदीला लक्ष ठेवा.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर चाल बरोबर आहे. त्याहून वेगानं उतरलं तर खाणं वाढवा, स्नायू जायला नकोत. फिरणं बंद करू नका. रविवारी एकदम तीन किलोमीटर नको, रोज दहा-दहा मिनिटं तीनदा. सकाळी उठायच्या आधी कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खुब्यावर दहा मिनिटं धरा. आधी तुमच्या मनगटाला लावून बघा.

निपाणीकर_बापू, १४ जुलै

अनगोळच्या ताईंनी विचारलं होतं, शेरू म्हातारपणानं उठत नव्हता की दुखत होतं म्हणून. चार दिवस तोच विचार चाललाय. त्याला मी कधी तपासून आणलंच नाही. मागच्या पायाला हात लावला की ओठ आवळायचा, मला वाटायचं चिडका झालाय. दुखत असणार. मलप्रभादादा, मी आधी लिहिलेलं धरू नका. पिल्याला बारीक करा.

मलप्रभाकाठ, १४ जुलै

बापू, तुमच्या हातातून तो खायचा, तेही खरंच होतं.

मलप्रभाकाठ, २४ ऑगस्ट

सहा आठवडे झाले, म्हणून कळवतो.

दर सोमवारी भाताच्या गिरणीतल्या काट्यावर पिल्याला उभं करतो. पहिल्या दिवशी काट्यावर चढायला तयार नव्हता. गिरणीवाल्यानं पोतं अंथरलं तेव्हा चढला. ३४, मग ३३.७, मग एक आठवडा काहीच हललं नाही. शोध घेतला तर आई रात्री चोरून दूधभात घालत होती. मी काही बोललो नाही, फक्त पुढच्या सोमवारी तिला गिरणीत घेऊन गेलो. काटा तिनं स्वतः बघितला. त्या दिवसापासून पिल्याचं ताट आईच वाढते, आणि वाटीनं मोजून. या सोमवारी ३२ भरला.

आक्कांचं अवघड होतं, त्यांची नातवंडं पुण्याला आहेत आणि पिल्या हाच त्यांचा दिवस. मग त्याच्याच वाट्याच्या चिकनमधले आठ तुकडे एका छोट्या डब्यात घालून सकाळी त्यांच्या खिडकीत ठेवतो. चहाच्या वेळी त्या एकेक देतात. दोघंही खूश आहेत.

फळी शहापूरच्या दादांनी सांगितल्या मापानं केली. पहिले चार दिवस पिल्या नुसता हुंगत होता. पाचव्या दिवशी पाऊस थांबला, अंगणात कोंबड्या आल्या, आणि तो फळीवर उभा राहिला. एक पंजा पट्टीवर ठेवला, दाबून बघितला, मग दुसरा. मागचं अंग थरथरत होतं. मी मागं हात धरून होतो, खरं लावला नाही. खाली उतरला आणि कोंबड्यांकडे न बघता पुन्हा फळी चढून वर आला. परत उतरला. तीनदा केलं त्यानं.

सकाळचं कण्हणं अजून आहे, रोज नाही. पाऊस जास्त झाला की असतं. गोळी डॉक्टरांनी निम्मी केलीय.

अनगोळची_सून, २४ ऑगस्ट

तीनदा! रंभाकडून पिल्याला शाबासकी.

रंधा_आणि_करवत, २४ ऑगस्ट

पावसाळा संपला की चटईचे खिळे तपासा. वर आले असतील तर पंज्यात घुसतील.

मलप्रभाकाठ, २५ ऑगस्ट

हो दादा, बघतो. आणखी एक विचारायचं होतं. कार्तिकात इकडे थंडी फार पडते. सोप्यातल्या फरशीवर वाकळीखाली गोणपाट घालू की भाताचा पेंढा?

कडोलीचा_बटाटा, २५ ऑगस्ट

पेंढा घाला, जाडसर, चांगलं चार बोटं. खरं आठवड्याला बदला आणि उन्हात झाडून घ्या, नाहीतर गोचीड आणि पिसवा होतात. राजाला मी तेच घालतो.